गरिबी मोजताना बूट विचारणारा देश : आयर्लंडमधलं सामाजिक-आर्थिक संशोधन

लिफीकाठची

तुमच्याकडे धड बुटांचे दोन जोड आहेत का? पाऊस आत येऊ न देणारा गरम कोट आहे का? कपडे नवे घेता येतात, की वापरलेलेच घ्यावे लागतात? एक दिवसाआड मटण, चिकन, मासे किंवा त्या तोडीचं शाकाहारी जेवण होतं का? आठवड्यातून एकदा भाजलेल्या मांसाचं साग्रसंगीत जेवण? गेल्या वर्षात पैसे नाहीत म्हणून घर न तापवता दिवस काढावे लागले का? एरवी घर पुरेसं उबदार ठेवता येतं का? वर्षातून एकदा तरी घरच्यांना, मित्रांना भेटवस्तू देता येते का? मोडकं फर्निचर बदलता येतं का? महिन्यातून एकदा कुणाला जेवायला किंवा प्यायला घरी बोलावता येतं का? आणि शेवटचा, गेल्या पंधरा दिवसांत करमणुकीसाठी एखादी सकाळ, दुपार किंवा संध्याकाळ बाहेर घालवलीत का?

आयर्लंडमध्ये गरिबी मोजतात ती या अकरा गोष्टींवरून. 'नाही' असं उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : परवडत नाही म्हणून नाही, की दुसऱ्या काही कारणाने? ज्याला कोट नकोच आहे तो गरीब धरला जात नाही. अकरापैकी दोन किंवा जास्त गोष्टी केवळ पैशाअभावी नसतील तर ते घर वंचित. त्यातच त्या घराचं उत्पन्न देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या लोकांचं ज्याहून कमी आणि निम्म्यांचं जास्त, त्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर ते 'सातत्याच्या गरिबी'त मोडतं. २०२४ च्या पाहणीत वंचितांचं प्रमाण १५.७ टक्के होतं, सातत्याच्या गरिबीचं ५ टक्के. एकल पालकांच्या घरांत वंचितांचं प्रमाण ४० टक्क्यांच्याही पुढे जातं.

मी डब्लिनच्या पश्चिमेला एका बालवाडीत काम करते. म्हणून ही यादी मला कोरडी वाटत नाही. नोव्हेंबरच्या पावसात कापडी बूट घालून येणारं मूल दिवसभर ओल्या मोज्यांत असतं. रेडिएटरवर मोजे वाळत टाकायचे, तोवर आमच्याकडच्या जादा मोज्यांतला एक जोड द्यायचा. बुटांच्या दुसऱ्या जोडाचा प्रश्न ज्याने यादीत घातला, त्याने असं मूल पाहिलेलं असणार.

ही पद्धत उभी राहिली डब्लिनच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेत, म्हणजे ईएसआरआयमध्ये. संस्थेचं मोठं सर्वेक्षण झालं १९८७ साली. तेव्हा देशात बेकारी भयंकर होती, तरुण पोरं बोटींनी आणि विमानांनी देश सोडत होती. ब्रायन नोलन, टिम कॅलन, ख्रिस्तोफर व्हेलन या संशोधकांना त्यात दिसलं, की फक्त उत्पन्नावर गेलं तर चुकीची माणसं हाती लागतात. एखाद्या शेतकऱ्याचं त्या वर्षाचं उत्पन्न कमी असतं, पण घर भरलेलं असतं. दुसरीकडे पगार बरा असूनही कर्जाने पिचलेलं घर असतं. म्हणून उत्पन्न आणि अभाव दोन्ही एकत्र बघायचं. १९९७ मध्ये सरकारने गरिबीविरोधी राष्ट्रीय धोरण आणलं, त्याचं उद्दिष्ट याच मापावर बेतलेलं होतं. यादीत आधी आठ गोष्टी होत्या, पुढे अकरा झाल्या. आता दरवर्षीची पाहणी केंद्रीय सांख्यिकी कार्यालय करतं.

आपल्या लोकांत आयर्लंड म्हटलं की नोकरी, व्हिसा आणि घरभाडं यापलीकडे विषय जात नाही. या समाजाने स्वतःला किती बारकाईने तपासलंय ते कुणी सांगत नाही, म्हणून धागा काढला. तुम्हाला काय माहीत आहे, काय पटत नाही, जरूर लिहा.

मालवणी मुलूख

छान धागा. आमच्याकडे आयर्लंड माहीत आहे ते लिओ वराडकरांमुळे. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा गावात आनंद झाला होता, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते घरच्यांना घेऊन गावी आलेही होते.

एक शंका आहे. दरडोई उत्पन्नाच्या कुठल्याही यादीत आयर्लंड पहिल्या चार-पाचांत असतो. मग दर सहा-सात माणसांत एक जण वंचित, हे गणित कसं बसतं?

आकडेमोड

@मालवणी मुलूख, त्या यादीतला आकडा खुद्द आयरिश अर्थतज्ज्ञच मानत नाहीत.

जुलै २०१६ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं, की २०१५ मध्ये देशाची अर्थव्यवस्था २६ टक्क्यांनी वाढली. एका वर्षात. कारखाने, दुकानं, पगार, सगळं होतं तिथेच होतं. बदललं होतं ते एवढंच, की काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणली होती. त्यांचा जगभरातला नफा आयर्लंडच्या खात्यात दिसायला लागला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी तेव्हा याला 'लेप्रेकॉन अर्थशास्त्र' म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे तिकडच्या लोककथांतला सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा बुटका.

माझ्या मते महत्त्वाचं पुढे घडलं. इतका चांगला आकडा हाती आल्यावर कुठलंही सरकार त्याच्या जाहिराती करेल. इथे मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने नवं माप सुचवलं : सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न. पेटंटांचा घसारा (दरवर्षी घटणारी किंमत), भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या विमानांचा घसारा, आणि केवळ मुख्यालय आयर्लंडमध्ये हलवलेल्या कंपन्यांचा नफा त्यातून वगळायचा. २०२३ साठी जीडीपी ५०० अब्ज युरोच्या वर आहे, तर हे सुधारित उत्पन्न ३०० अब्जांच्या आत. इतकी तफावत दुसऱ्या कुठल्या युरोपीय देशात सापडणार नाही. आता देशाच्या कर्जाचं प्रमाण सांगतानाही तिथले जाणकार नवंच माप धरतात.

अवांतर : ईएसआरआयचे पहिले संचालक रॉय गिअरी मोठे संख्याशास्त्रज्ञ. त्याआधी आयर्लंडचं केंद्रीय सांख्यिकी कार्यालय उभं राहिलं तेही त्यांच्याच हाताखाली. वेगवेगळ्या देशांतल्या किमती एकमेकींशी ताडून बघण्याची गिअरी-खामिस पद्धत त्यांच्या नावाची. 'क्रयशक्तीनुसार भारताचं उत्पन्न इतकं' अशी जुनी कोष्टकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी गिअरींचं काम नकळत पाहिलेलं आहे.

लिफीकाठची

@आकडेमोड, धन्यवाद, मला इतकं नेमकं लिहिता आलं नसतं. त्यात एक भर. त्या कंपन्या जो कर भरतात तो मात्र खराखुरा आहे. २०२३ मध्ये कंपनी करातून जवळपास २४ अब्ज युरो आले, आणि त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा फक्त तीन कंपन्यांचा. वित्तीय सल्लागार परिषद दर वर्षी बजावते, की यावर कायमचे खर्च उभे करू नका.

सुईदोरा

पैसा कोण देतं या ईएसआरआयला? सरकारच देत असेल तर सरकारविरुद्ध आकडा छापतील का? आपल्याकडे एखादी पाहणी गैरसोयीची निघाली की ती थंड्या बस्त्यात जाते, म्हणून विचारते.

लिफीकाठची

@सुईदोराताई, अगदी योग्य प्रश्न. जरा मागून सांगते.

१९५० चं दशक आयर्लंडसाठी फार वाईट होतं. सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली. १९६१ च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाख १८ हजार भरली. त्यापेक्षा कमी आकडा ना आधीच्या कुठल्या जनगणनेत होता, ना नंतरच्या. १८४१ मध्ये अख्ख्या बेटावर ८० लाखांहून जास्त माणसं होती. मग बटाट्याचा दुष्काळ आला, दहा लाख दगावली, दहा लाख बोटींत बसली, आणि देश शंभर वर्षं रिकामा होत राहिला. स्वातंत्र्य मिळूनही गळती थांबेना. तेव्हा अर्थखात्याचे सचिव होते टी. के. व्हिटेकर. त्यांनी १९५८ मध्ये सरकारपुढे अहवाल ठेवला, की स्वतःभोवती भिंती घालून बसलो तर देश संपेल, व्यापार आणि भांडवलासाठी दारं उघडा. त्याच काळात या मंडळींना जाणवलं, की ठोस आकड्यांवर बोलणारी, सरकारबाहेरची संस्थाच देशात नाही. १९६० मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या देणगीतून ती सुरू झाली. आधी फक्त आर्थिक होती, १९६६ मध्ये नावात 'सामाजिक' आलं. आज ती डब्लिनच्या जुन्या गोदीत, व्हिटेकरांचंच नाव दिलेल्या चौकात आहे.

पैसा थोडा सरकारी अनुदानाचा, बाकीचा खात्यांनी आणि संस्थांनी सोपवलेल्या अभ्यासांचा. पण निष्कर्ष छापायचा हक्क संस्थेचा. काम कुणीही दिलेलं असो, निष्कर्ष आवडो न आवडो, अहवाल बाहेर येतो. दर अर्थसंकल्पानंतर त्यांचं 'स्विच' नावाचं संगणकीय प्रारूप हजारो खऱ्या घरांच्या माहितीवर करांचे आणि भत्त्यांचे बदल चालवून बघतं, आणि गरिबांच्या हाती काय पडलं, श्रीमंतांच्या हाती काय, ते काही दिवसांत सगळ्यांपुढे येतं. मंत्र्यांना त्यावर उत्तरं द्यावी लागतात.

सगळ्यात चांगला दाखला २००७ चा. घरांच्या किमती चढत होत्या, देश मस्तीत होता. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचे मॉर्गन केली यांनी इतर देशांमधल्या फुगवट्यांचा अभ्यास करून लिहिलं, की आयर्लंडमध्ये घरांच्या खऱ्या किमती ४० ते ६० टक्के पडू शकतात. हा लेख छापला ईएसआरआयच्याच त्रैमासिकाने. त्यांना वेड्यात काढणारे पुष्कळ होते. २०१३ पर्यंत किमती शिखरावरून निम्म्याने खाली आल्या. मधल्या काळात, २०१० च्या नोव्हेंबरात, ८५ अब्ज युरोच्या मदतीसाठी देशाला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे जावं लागलं.

कॉर्कचा पाऊस

मी इथे आयटीत आहे. धागा चांगला आहे, पण मला थोडं कडू बोलायचंय.

मोजण्यात हा देश पुढे आहे, मान्य. पण घरांचा प्रश्न किती वर्षं मोजतायत? २०२२ च्या जनगणनेत ५ लाख २२ हजार प्रौढ माणसं आईवडिलांच्या घरात राहत होती. २०२५ मध्ये सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा १५ हजारांच्या वर गेला, त्यात हजारो मुलं आहेत. दर महिन्याला आकडा येतो, बातमी होते, पुढच्या महिन्यात आकडा वाढलेला असतो. माझ्या टीममधल्या मूळ आयरिश मुलीने तिशी ओलांडली आहे, चांगला पगार आहे, आणि ती लहानपणीच्याच खोलीत राहते. तिला अहवाल नकोय, खोली हवी आहे.

दुसरं, २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. दूतावासाला सूचना काढावी लागली, की निर्जन ठिकाणी जाऊ नका. तोवर सगळ्या पाहण्या सांगत होत्या की आयरिश लोकांचा स्थलांतरितांकडे बघण्याचा दृष्टिकोन युरोपात चांगल्यांपैकी आहे. मग त्या पाहण्यांनी नेमकं काय पाहिलं?

लिफीकाठची

@कॉर्कचा पाऊस, घरांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ईएसआरआय सांगत आलंय की बांधकाम पुरेसं नाही, आणि भाडं वजा करून हिशेब केला तर मुलांच्या गरिबीचं चित्र कितीतरी वाईट दिसतं. अहवालाने घर उभं राहत नाही. आमच्या बालवाडीतही हॉटेलच्या खोलीत राहणारी मुलं आली आहेत. त्या मुलांना रांगायला जमीन नसते, चालायला उशिरा शिकतात. याचा राग यायलाच हवा, मलाही येतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबा. लोक पाहणीत खरं बोलत नाहीत हे या संशोधकांनीच पकडलंय, आणि ज्या पद्धतीने पकडलं ती मला फार आवडली. समजा मी सरळ विचारलं, 'आणखी कृष्णवर्णीय लोक आयर्लंडमध्ये आलेले तुम्हाला चालतील का?' समोरचा माणूस चांगलं दिसणारं उत्तर देतो. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट केले. एका गटापुढे काही गोष्टींची यादी ठेवली आणि विचारलं, यातल्या किती गोष्टींना तुमचा पाठिंबा आहे? कोणत्या ते सांगू नका, फक्त आकडा सांगा. दुसऱ्या गटाला तीच यादी दिली, फक्त त्यात कृष्णवर्णीय स्थलांतरितांची एक ओळ जास्त. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे त्या एका ओळीला मिळालेला खरा पाठिंबा, आणि कुणाचंही मत वैयक्तिकरीत्या उघड होत नाही. उघड विचारलं तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोक 'हो' म्हणाले होते. झाकून विचारलं तेव्हा जेमतेम निम्मे.

तेव्हा 'आयरिश माणूस प्रेमळ आहे' या समजुतीला पहिला तडा त्यांच्याच संशोधकांनी दिला, आणि तोही हल्ल्यांच्या कितीतरी आधी. पगाराचंही तेच. २०११ ते २०१८ चे आकडे तपासून ईएसआरआयने दाखवलं, की आयरिश कामगाराला तासाला एक युरो मिळतो तिथे परदेशी नागरिकाला सरासरी ७८ सेंट. पूर्व युरोपीयांना त्याहून कमी. २०२२ मध्ये इथे ४५ हजारांहून जास्त भारतीय नागरिक होते. आपली आयटीतली मंडळी सोडा, वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा आकडा माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

कॉर्कचा पाऊस

झाकून विचारण्याची पद्धत माहीत नव्हती, ती पटली. घरांबद्दलचं माझं म्हणणं कायम.

पायवाट

मी मराठवाड्यात भटक्या-विमुक्तांच्या पालांवर काम करतो. आयर्लंडमध्येही भटका समाज आहे असं ऐकून आहे. त्यांच्याबद्दल या संशोधनात काही आहे का, की तेही मोजमापाच्या बाहेरच?

लिफीकाठची

@पायवाट दादा, आहे, आणि तुम्हाला नक्की उपयोगी पडेल असं आहे.

ट्रॅव्हलर समाज. २०२२ च्या जनगणनेत ३२,९४९. पूर्वी घोडागाड्यांतून फिरायचे, भांड्यांना कल्हई, पत्र्याची कामं, घोड्यांचा व्यापार. प्लास्टिक आलं, रस्ते बदलले, धंदा गेला. आज बहुतेक जण घरांत किंवा नगरपालिकांनी नेमून दिलेल्या तळांवर राहतात, आणि पबमध्ये प्रवेश नाकारण्यापासून शाळेत वेगळं बसवण्यापर्यंत सगळं त्यांनी भोगलंय.

२०१० मध्ये त्यांच्या आरोग्याचा संपूर्ण बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनने केलेला. बाहेरचा माणूस कागद घेऊन गेला की दार उघडत नाही, म्हणून समाजातल्याच शेकडो जणांना, त्यातही मुख्यतः बायकांना, मुलाखती घ्यायचं शिक्षण दिलं. अनेकांना वाचता येत नाही, म्हणून प्रश्नावली लॅपटॉपवर चित्रांची आणि बोलकी केली. आपली बाई शेजारी बसलेली, लॅपटॉप प्रश्न वाचून दाखवतोय. बहुतेक कुटुंबं बोलली.

उत्तरं सुन्न करणारी होती. ट्रॅव्हलर पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६१.७ वर्षं, इतर पुरुषांपेक्षा १५ वर्षांनी कमी. बायकांचं ७०.१, म्हणजे साडेअकरा वर्षांनी कमी. पुरुषांमधल्या आत्महत्या सर्वसाधारण प्रमाणाच्या सहापटीहून जास्त. पुढे ईएसआरआयनेही जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांचं शिक्षण, घर, रोजगार यांचं चित्र मांडलं. १ मार्च २०१७ ला तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. ती मागणी समाजाची होती, कित्येक दशकांची. पण ती मांडताना हातात हे आकडे होते.

पायवाट

ताई, खूप आभार. आमच्याकडे दुखणं नेमकं इथे आहे. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाल्या, पण स्वतंत्र भारताच्या एकाही जनगणनेत त्यांची वेगळी मोजणी नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये दहा कोटींच्या वरचा अंदाज दिला. पुढे भिकू रामजी इदाते आयोग झाला. दोघेही अध्यक्ष महाराष्ट्रातले, आणि मोजणीची मागणी दोघांनीही केली.

समाजातल्या बायकांना मुलाखतीचं शिक्षण देणं आणि बोलकी प्रश्नावली, या दोन गोष्टी आम्हाला एका तालुक्यापुरत्या तरी करता येतील. मोबाइल आता पालावरही आहे. प्रश्नावलीत जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांच्या शाळा बदलण्याची कारणं आणि रात्री पोलिसांनी उठवणं, एवढं तरी यायलाच हवं.

सुईदोरा

@पायवाट, त्यात 'पाण्यासाठी किती लांब, आणि कोण जातं' हेही घाला. बायका बायकांना हे सांगतील, पुरुषाला सांगणार नाहीत.

आकडेमोड

मुलांच्या दीर्घ अभ्यासाबद्दल कुणीच लिहिलं नाही. 'ग्रोइंग अप इन आयर्लंड' २००६ मध्ये सुरू झाला. साडेआठ हजार नऊ वर्षांची मुलं आणि अकरा हजार नऊ महिन्यांची बाळं निवडली. तीच मुलं पुन्हा पुन्हा, काही वर्षांच्या अंतराने. मोठ्या गटातली मुलं आता पंचविशी ओलांडून गेली. आईवडिलांची मुलाखत, मुलांची उंची-वजन, शिक्षकांची प्रश्नावली, सगळं. नऊ वर्षांच्या मुलांपैकी साधारण चौथा भाग वजनाने जास्त होता, आणि आईवडिलांची परिस्थिती जितकी हलाखीची तितकं हे प्रमाण वाढत जात होतं. म्हाताऱ्यांसाठी ट्रिनिटी कॉलेजचा 'टिल्डा' आहे, पन्नाशीपुढची साडेआठ हजार माणसं. माणूस किती वेगाने चालतो हेही त्यात मोजतात, कारण चाल मंदावणं पुढच्या आजारपणाची चाहूल देतं.

अशा अभ्यासाची खरी कसोटी म्हणजे माणसं गळत जातात. आणि गळतात ती घर बदलणारी, भाड्याने राहणारी, अडचणीतली आधी. उरलेल्यांतल्या तशाच माणसांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन हिशेब सावरतात, पण दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावं.

रानपाखरू

मी पुण्यात समाजशास्त्रात एमए करते आहे. हा डेटा बाहेरच्या विद्यार्थ्यांना मिळतो का? मला एकल पालकांच्या घरांवर प्रबंध करायचा आहे.

लिफीकाठची

@रानपाखरू, हो. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये सामाजिक शास्त्रांचं डेटा-भांडार आहे. 'ग्रोइंग अप'च्या आणि 'टिल्डा'च्या निनावी केलेल्या फायली संशोधनासाठी तिथून मिळतात. अर्ज भरावा लागतो, कशासाठी हवंय ते लिहावं लागतं, आणि कुणाचीही ओळख शोधणार नाही अशी सही द्यावी लागते. मार्गदर्शकांना सोबत घेऊन अर्ज कर. आधी प्रश्नावल्या उतरवून वाच, त्यांना अर्ज लागत नाही. नऊ महिन्यांच्या बाळांच्या फेरीपासून सुरुवात केलीस तर एकल आयांबद्दल बरंच काही हाती लागेल. अकरा प्रश्नांची मराठी प्रत मी करते आहे. @पायवाट दादा, तुम्हालाही व्यनि (खासगी निरोप) करते, पालावर विचारून बघा कुठले प्रश्न टिकतात आणि कुठले बदलावे लागतात.